आखाजीला आणलेली जुईची फांदी का रुजत नाही?

प्रश्न (धुळ्याहून)

सप्रेम नमस्कार. अमळनेरजवळच्या माझ्या माहेरी, मागच्या परसात, आजीने लावलेला जुईचा वेल आहे. तो ज्या भिंतीवर चढला आहे, ती दिवाळीनंतर पाडून तेथे खोली बांधायचे भावाने ठरवले आहे, म्हणून त्या वेलाचे एक तरी रोप माझ्या अंगणात यावे अशी फार इच्छा आहे. गेली तीन वर्षे आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी गेले की पाच-सहा फांद्या कापते, ओल्या फडक्यात गुंडाळून आणते आणि कुंडीत लावते. आठ-दहा दिवसांत डोळ्यांतून हिरवे कोंब डोकावतात, आणि या वेळी जमले असे वाटते न वाटते तोच ते माना टाकतात. काडी उपटली की मातीतले टोक काळे, बुळबुळीत निघते. माती शेतातली चांगली काळी आहे, पाणी दोन्ही वेळा घालते. चूक नेमकी कोठे होते?

उत्तर १ (यावलहून)

ताई, तुमचा हात चुकत नाही, वेळ चुकते. लेकी माहेरी येतात ती आखाजी एप्रिलअखेर किंवा मे महिन्यात पडते आणि तेव्हा आपल्याकडे पारा ४२ अंशांच्या पुढे असतो. ते कोंब काडीत साठलेल्या अन्नावर फुटतात; मुळे आल्याची ती खूण नव्हे. उलट पाने जसजशी उलगडतात तसतसे त्यांतून पाणी उडत जाते आणि ते भरून काढायला खाली मुळे नसतात. त्यात तुमची काळी माती चिकण आहे. दोन वेळच्या पाण्याने ती गच्च बसते, आत हवा खेळत नाही आणि कापलेले टोक कुजते.

दिवाळीपर्यंतचा वेळ हाती असल्याने माझा आग्रह दाब कलमाचाच राहील, कारण त्यात फांदी आईपासून तुटत नाही. आषाढात पाऊस स्थिरावला की वेलाची जमिनीलगतची, साधारण वर्षभराची, वाकवली तरी न मोडणारी फांदी निवडा. जाड वाळू, पोयटा (गाळाची माती) आणि चाळलेले शेणखत सारख्या प्रमाणात मिसळून कुंडी भरा व ती वेलाशेजारीच ठेवा. फांदीचा जो भाग मातीत जाणार तेथली पाने काढून, एका डोळ्याच्या किंचित खाली, धारदार पात्याने दोन-तीन सेंटिमीटर लांबीचा तिरपा काप निम्म्या जाडीपर्यंत द्या आणि तो पुन्हा मिटू नये म्हणून त्यात काडेपेटीच्या काडीचा तुकडा अडकवा. पानांत तयार झालेले अन्न सालीतून खाली उतरताना या कापापाशी अडून साचते आणि मुळे तेथूनच फुटतात; मुळाकडून येणारे पाणी मात्र उरलेल्या लाकडातून शेंड्याला मिळत राहते. तो भाग चार बोटे खोल पुरून वर दगड ठेवा, शेंडा बाहेर काढून काठीला बांधा. आम्ही वर केळीची वाळलेली पाने पसरतो, त्याने पावसाने उघडीप दिली तरी ओल टिकते. तीन ते चार महिने लागतात.

उत्तर २ (शहाद्याहून)

वरील सल्ला योग्यच आहे, परंतु वेल पुन्हा मिळणार नसेल तर एकाच फांदीवर विसंबू नये असे मला वाटते. दोन-तीन फांद्या वेगवेगळ्या कुंड्यांत दाबाव्यात आणि त्याच दिवशी तीन-चार डोळ्यांच्या, वीतभर काड्याही घ्याव्यात. खालचे दोन डोळे ओल्या वाळूत, वर फक्त एक-दोन पाने, त्यावर प्लॅस्टिकची पारदर्शक पिशवी आणि कुंडी पूर्ण सावलीत, एवढे पाळावे. काडी हलवून पाहण्याचा मोह टाळावा, नुकती फुटलेली मुळे तेवढ्यानेही तुटतात.

आणखी एक, वेल जुईचाच आहे ना? जुईला मुख्य पान एकच दिसते आणि त्याच्या देठाशी दोन इवली पाने कानांसारखी असतात, कधी तीही नसतात. एकाच देठावर पाच-सात-नऊ पर्णिका समोरासमोर असतील आणि कळीवर गुलाबी झाक असेल, तर ती जाई होय. रीत दोघींना हीच लागू पडते.

प्रश्नकर्तीचे उत्तर

पाने पाहिली आहेत, दोन इवले कान आहेत, म्हणजे जुईच. आषाढी एकादशीला माहेरी जाऊन तीन कुंड्या भरून येईन. ओल पाहण्याचे काम भावजयीने आनंदाने पत्करले आहे. भिंत पाडण्यापूर्वी फांदी एकदम कापून आणली तर चालेल का?

उत्तर १ (यावलहून)

एकदम कापू नये. दिवाळीच्या दहा-बारा दिवस आधी, वेलाकडच्या बाजूने, कुंडीच्या काठाशी फांदी निम्मीच छेदायला वहिनींना सांगा. आठवडाभर शेंडा टवटवीत राहिला तर उरलेली निम्मी छेदावी. मलूल झाला तर मुळे अपुरी आहेत असे समजून काही दिवस थांबावे आणि तेवढे दिवस भिंतही थांबवायला भावाला विनंती करावी. धुळ्याला आणल्यावर कुंडी पंधरा दिवस सावलीतच ठेवा आणि त्या काळात आलेल्या कळ्या, जिवावर आले तरी, खुडून टाका.