मेंदूत 'नॅनोकण' आढळले की 'चांदी' आढळली?

अनुवादिका: विषशास्त्रावरचा लेख मराठीत आणतेय. उंदरांना तोंडावाटे चांदीचे नॅनोकण दिले, मग मेंदूत चांदी सापडली. मी लिहिलं, "नॅनोकण रक्त-मेंदू अडथळा ओलांडून मेंदूत साचतात" (हा अडथळा म्हणजे रक्तातले पदार्थ मेंदूत शिरू न देणारी वाहिन्यांची भिंत). संपादकांनी 'ओलांडून' खोडलं, 'साचतात'वर प्रश्नचिन्ह टाकलं. शिवाय न्यूरोटॉक्सिसिटीला, म्हणजे चेतापेशींवरच्या विषारी परिणामाला, माझं 'चेताविषाक्तता', त्यांचं 'मज्जाविषारीपणा'. काय ठेवू?

पारागंधक: 'ओलांडून' खोडलं ते योग्यच. ऊतक आम्लात विरघळवून आयसीपी-एमएसवर (मूलद्रव्य किती आहे ते मोजणाऱ्या यंत्रावर) मोजलं की एकूण चांदी कळते. कण होता की आयन (सुटा विद्युतभारित अणू), हे आम्लातच पुसलं जातं. त्यात जठरातच बराच कण विरघळतो, सुटलेला आयन क्लोराइडला नाहीतर प्रथिनांतल्या गंधकाला चिकटतो, आणि पुढे ऊतकात सल्फाइड-सेलेनाइडचे नवे कणही बनतात. म्हणजे कण दिसला तरी तो गिळलेलाच, असं छातीठोक सांगता येत नाही. 'कण' लिहायचंच तर ऊतक आम्लाऐवजी विकराने (एन्झाइमने) पचवून एककण आयसीपी-एमएस, म्हणजे एकेक कण वेगळा मोजणं, केलंय का, ते पद्धतीच्या भागात बघा.

आणखी एक मेख. मेंदू काढण्याआधी हृदयातून सलाइन सोडून रक्त धुतलं नसेल, तर केशवाहिन्यांतल्या रक्तातली चांदीही मेंदूच्या खात्यावर जमा होते. धुतलं तरी वाहिनीच्या भिंतीतल्या पेशींत अडकलेली उरतेच. ती अडथळ्यात आहे, पलीकडे नाही.

'साचतात' मात्र राहू द्या, कर्ता बदलून: "चांदी साचते". मात्रा थांबवल्यावर यकृत-प्लीहेतली चांदी उतरते. मेंदू आणि वृषणांतली कित्येक आठवडे हलत नाही.

शुद्धमती: मुळात नॅनोकण कशाला? 'अब्जांशकण' म्हणा.

आडवाट: कशाचा अब्जांश? मीटरचा, हे वाचकाने ओळखायचं. शिवाय 1 ते 100 नॅनोमीटरपर्यंतचे सगळे नॅनोकण. ऐंशी नॅनोमीटरच्या कणाला अब्जांश म्हणणं म्हणजे ऐंशी रुपयांना रुपया म्हणणं.

शुद्धमती: तोच आक्षेप 'नॅनो'लाही लागतो. पण 'मज्जाविषारीपणा' नकोच. मज्ज् म्हणजे बुडणे. पारंपरिक व्युत्पत्तीने, हाडात बुडालेली ती मज्जा. अस्थिमज्जेची विषबाधा हा वेगळा प्रकार आहे, वाचक थेट रक्तपेशींकडे जाईल.

आडवाट: मग मज्जारज्जूचं काय करता? मज्जातंतूंचं?

शुद्धमती: मेरुरज्जू. चेतातंतू.

आडवाट: शाळेच्या पुस्तकात ठीक. दवाखान्यात 'नस दबलीय' म्हणतात, आणि कुणाचं अडत नाही.

पारागंधक: कुठलाही घ्या, पण कोणत्या पेशी ते लिहा. पात्रातल्या प्रयोगात ताराकृती पेशी (चेतापेशींना आधार देणाऱ्या मेंदूतल्या पेशी) बरीच चांदी आत घेऊनही तगतात, कारण त्या मेटॅलोथायोनिन हे धातू धरणारं प्रथिन वाढवून आयन बांधतात. 'चेताविषाक्तता' वाचून सगळ्या पेशी सारख्याच मरतात असं वाटेल. आणि सिल्व्हर नायट्रेटचं, म्हणजे कणांशिवाय नुसते चांदीचे आयन दिलेलं, तुलनापात्र नसेल तर 'कणांमुळे' लिहूच नका. असलं तरी पेशी वाढवायच्या माध्यमातल्या क्लोराइडने त्यातला किती आयन खाली बसवला, हे बघावं लागतं.

अनुवादिका: तुलनापात्र आहे. मग 'कणांमुळे' चालेल ना?

शुद्धमती: 'तुलनापात्र' नको, 'नियंत्रण'.

आडवाट: 'कंट्रोल' लिहा.