इतिहासाच्या पदवीत नेमकं शिकायचं काय?

प्रश्न: इतिहासाच्या पदवीला प्रवेश घेतलाय. सनावळ्या पाठ करण्यापलीकडे यात काय असतं? आणि पहिला निबंध कुठे फसतो?

उत्तर १: सनावळ्या हा नुसता सांगाडा. खरं काम साधनांच्या, म्हणजे जुने कागद, लेख, नोंदी यांच्या चिकित्सेचं. कागद कोणी लिहिला, कधी, कोणासाठी, आणि लिहिणाऱ्याला ते ठाऊक असणं शक्य होतं का, हे आधी विचारायचं. इटलीतले विद्वान लोरेन्झो वाल्ला यांनी १४४० मध्ये ‘कॉन्स्टंटाइनचं दानपत्र’ (रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने पोपला सत्ता बहाल केल्याचं सांगणारा कागद) बनावट ठरवलं ते मुख्यतः भाषेवरून: चौथ्या शतकातल्या म्हणवणाऱ्या त्या कागदात बऱ्याच नंतरची लॅटिन होती. पोपच्या राजकीय सत्तेचे दावे ज्यावर उभे होते, तो कागद! ही नजर कमावण्यासाठीच तीन वर्षं द्यायची.

उत्तर २: निबंध फसतो तो अवाढव्य विषयामुळे. ‘पहिल्या महायुद्धाची कारणं’ दोन हजार शब्दांत मावत नाहीत. ‘जुलै १९१४ मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीने सर्बियाला आपल्या मागण्यांवर उत्तर द्यायला ४८ तासांचीच मुदत का दिली?’ हे मावतं. टिपणं काढताना पान क्रमांक तिथल्या तिथे लिहा, मूळ वाक्य अवतरणचिन्हांत ठेवा. महिन्याभराने आपलं कोणतं नि लेखकाचं कोणतं हे कळेनासं होतं आणि नकळत वाङ्मयचौर्य घडतं.

उत्तर ३: तारखाही तपासा. रशियातली ऑक्टोबर क्रांती तिथे तेव्हा चालणाऱ्या जुन्या (ज्युलियन) दिनदर्शिकेने २५ ऑक्टोबरची, आजच्या नव्या (ग्रेगोरियन) दिनदर्शिकेने ७ नोव्हेंबर १९१७ ची. साधनांत असा १३ दिवसांचा फरक दिसला, तर एकाला खोटं ठरवण्याआधी कालगणना बघा.