आधी पडायला शिकवतात

हातपाय मोडून घ्यायला स्केटबोर्डच्या क्लासचे पैसे कशाला भरायचे, असं वर एकांनी विचारलंय. अहो, क्लास त्यासाठीच हवा! चांगला प्रशिक्षक आधी पडायलाच शिकवतो: तळहात टेकून अंग सावरायचं नाही, गुडघे वाकवून अंग सैल सोडायचं आणि खांद्यावरून लोळायचं. मनगटं वाचतात ती यामुळे. हेल्मेट आणि गार्ड हवेतच. मग पोराची भीड चेपते, तोल सुधारतो.

मध्य प्रदेशात पन्ना जिल्ह्यातल्या जनवार गावात २०१५ साली स्केटपार्क झाला. तिथले नियम: शाळा बुडवली तर स्केटिंग नाही, आणि पहिला नंबर मुलींचा. तिथलीच आशा गोंड २०१८ मध्ये चीनमध्ये नानजिंगच्या जागतिक स्पर्धेत उतरली. मुलीला स्केटबोर्डच्या क्लासला घालू का, असं विचारणाऱ्या ताई, तिला खुशाल घाला. फक्त लहान आहे तोवर मोठं कुणीतरी जवळ उभं असू द्या.