सॅटला १२९० आलेत, अमेरिकेतल्या चांगल्या कॉलेजांचा नाद सोडायचा का?

बेदाणेवाला_सांगली

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितोय हितं, काय चुकलं तर सांभाळून घ्या. पोरगी यंदा बारावी सायन्सला आहे, स्टेट बोर्ड. दहावीला ९४ टक्के होते, अकरावीला ७८ वर आली. तिला इंजिनिअरिंग नको, मेडिकल नको, इकॉनॉमिक्स आणि पर्यावरण दोन्ही एकत्र शिकायचंय आणि ते अमेरिकेत जमतं म्हणती. दोन वर्षं झाली हेच डोक्यात. जूनमधे पुण्याला जाऊन सॅट दिली, म्हणजे तिकडच्या कॉलेजांसाठीची १६०० मार्कांची परीक्षा, १२९० पडले, त्यात मॅथ्स ७२० आणि इंग्रजी ५७०. मराठी शाळा, मग सेमी, त्यामुळं इंग्रजीत मार खाल्ला असं तीच म्हणती.

पुण्यातच एका कन्सल्टंटकडं गेलो होतो. त्यानं आकडा बघितला आणि म्हणाला १४५० च्या खाली मोठ्या कॉलेजाचं नाव काढू नका, आणि पुढच्याच वाक्याला अडीच लाखाचं पॅकेज सांगितलं. नावच काढायचं नाही तर अडीच लाख कशाचे ते मला अजून कळंना झालंय. तिथनं उठलो, पोरगी कराडपर्यंत गाडीत एक शब्द बोलली नाही.

पैशाचं खरं ते सांगतो. द्राक्षबाग आणि बेदाण्याचं शेड आहे तासगावच्या बाजूला, एखादं वर्ष बरं जातं, एखाद्या वर्षी अवकाळी आला की रॅकवरचा सगळा माल काळा पडतो. तिकडं वर्षाला ८० हजार डॉलर लागतात म्हणे, बाग, शेड आणि मला धरून विकलं तरी चार वर्षं निघायची नाहीत. म्हणजे स्कॉलरशिप नसंल तर विषयच नाही. तर १२९० वर काय होतंय का, का तिला आत्ताच स्पष्ट सांगून टाकू? सॅट न बघणारी पण कॉलेजं असतात असं ती म्हणती, ते खरं का?

गावभागातला_गडी

काका कशाला उगं अमेरिका, वालचंद दारात आहे की. सीईटी द्या म्हणावं, घरनं डबा नेता येतोय.

मिरज_जंक्शन

@गावभागातला_गडी त्यांनी इंजिनिअरिंग नको म्हणून लिहिलंय भावा, वाच की आधी.

विश्रामबाग_आई

दादा, आधी त्या कन्सल्टंटला विसरा. आमचा मुलगा आत्ता तिकडं एका लहान कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे, सॅट १३१० होती आणि ती त्यानं बहुतेक ठिकाणी पाठवलीच नाही. पण "सॅट लागत नाही" हे वाक्य अर्धवट आहे, त्यामुळं जरा लांबण लावते.

तीन प्रकार आहेत. एक, जिथं सॅट नाहीतर एसीटी (तसलीच दुसरी परीक्षा) पाहिजेच. एमआयटीनं २०२२ ला परत सक्ती केली, २०२४ ला डार्टमथ, हार्वर्ड, ब्राउन, कॅलटेक हे पण त्याच वाटेनं गेले. दुसरं, जिथं पाठवायची का नाही ते तुमच्यावर सोडलंय, बोडन कॉलेजात तर हे १९६९ पासून आहे, बेट्समधे १९८४ पासून. कोविडनंतर असली शेकड्यानं झाली. आणि तिसरं, पाठवली तरी बघतच नाहीत, युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाची बर्कली, लॉस एंजेलिस वगैरे सगळी. ऐकायला तिसरं भारी वाटतं पण तुमच्या कामाचं नाही, कारण ती सरकारी विद्यापीठं परदेशी मुलांना गरज बघून मदत देत नाहीत आणि फी मात्र बाहेरच्यांची लावतात. आम्ही यात दोन महिने घालवले म्हणून सांगते.

तुमचा खरा अडसर १२९० नाहीच, पैसे आहे. अमेरिकेतली बहुतेक कॉलेजं परदेशी मुलाचा अर्ज बघताना हा किती मदत मागतोय ते पण बघतात. पैसा न बघता निवडणारी आणि मग लागेल तेवढी मदत देणारी थोडीच आहेत, हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अॅमहर्स्ट, डार्टमथ, बोडन ही त्यातली, आणि तिथं सगळं जग रांगेत उभं असतं. म्हणून यादी करताना नाव बघू नका, परदेशी मुलांना खरंच पैसे कोण देतं ते बघा.

ते कसं बघायचं, तर बहुतेक कॉलेजं "कॉमन डेटा सेट" नावाची एक पीडीएफ काढतात, कॉलेजचं नाव आणि हे तीन शब्द टाकले की गूगलवर मिळते. त्यात एच ६ म्हणून रकाना आहे, किती परदेशी मुलांना मदत दिली आणि सरासरी किती दिली ते सरळ आकड्यात. सी ७ मधे कशाला किती महत्त्व देतात ते, निबंध, मार्क, शिफारस असं एकेक. आणि सी ९ मधे सॅट. तिथं मधल्या निम्म्या पोरांचे मार्क असतात, समजा १४३० ते १५२०, पण शेजारी किती टक्के मुलांनी स्कोअर दिला ते पण लिहिलेलं असतं आणि ते कुणी वाचत नाही. निम्म्यापेक्षा कमी मुलांनी दिला असेल तर ते आकडे फुगलेलेच असणार, कमी मार्कवाल्यांनी पाठवलेच नाहीत ना! कन्सल्टंट हेच फुगलेले आकडे दाखवून घाबरवतात.

आम्ही साधं ठेवलं होतं, आपला स्कोअर खालच्या आकड्याच्या पण खाली असेल तर पाठवायचा नाही, वर असेल तर पाठवायचा. स्कोअर नाही पाठवला तर मार्क कापत नाहीत, पण त्या जागी दुसरं काहीतरी दिसायला पाहिजे. मुलगी अभ्यासाशिवाय काय करते?

बेदाणेवाला_सांगली

ताई एवढं लिहिलंत, लई आभार. पीडीएफ पोरीला दाखवली, रात्री दोनपर्यंत बसली होती.

अभ्यासाशिवाय म्हणाल तर तेच अवघड आहे. डिबेट नाही, ऑलिम्पियाड नाही, एनजीओ नाही. घरचं काम करती. शेडचा हिशोब तीच ठेवती दोन वर्षं झाली, किती क्रेट आले, डिपिंग ऑइल किती लागलं, किती दिवसात माल वाळला, सौद्याला काय दर निघाला. रोजचं तापमान आणि हवेतला दमटपणा वहीत लिहिती, कुठला माल कधी रॅकवरनं उतरवायचा ते आता मीच तिला विचारतो. पण हे काय अॅक्टिव्हिटीत धरत नसतील.

विश्रामबाग_आई

दादा, हेच धरतात! कॉमन अॅप म्हणजे बऱ्याच कॉलेजांना एकच चालणारा ऑनलाइन अर्ज, त्याच्या फॉर्ममधे दहा अॅक्टिव्हिटी लिहायला जागा असते, त्यात घरच्या जबाबदाऱ्या असा वेगळा प्रकारच दिलाय, नोकरीधंद्याचा पण आहे. प्रत्येकीला १५० अक्षरं, शब्द नाही अक्षरं, त्यामुळं "वडिलांना मदत" असं लिहून जागा घालवू नका, किती क्रेट, किती दिवस, आठवड्याला किती तास, तिच्या वहीमुळं काय बदललं ते लिहा. इकॉनॉमिक्स आणि पर्यावरण शिकायचंय म्हणती आणि घरात बाजारभाव आणि हवामानाची दोन वर्षांची वही पडलीय, अजून काय पाहिजे. निबंध पण त्याच्यावरच लिहू दे. जास्तीत जास्त ६५० शब्दांचा असतो. फक्त २०१९ च्या महापुरावर लिहू नको म्हणावं, आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं ते आपल्याकडच्या सगळ्याच पोरांच्या निबंधात येतं.

कंदीपेढा_परदेशी

मी मूळचा साताऱ्याचा, सध्या ओहायोत शिकतोय. काकूंचं बाकी सगळं बरोबर आहे पण "पाठवायचा नाही" यावर माझं जरा वेगळं मत आहे.

काका, जुलै चालू आहे, आत्ताच १२९० वर शिक्का कशाला मारता? ऑगस्ट, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर एवढ्या तारखा आहेत आणि बरीच कॉलेजं दोन वेगळ्या तारखांचे चांगले भाग एकत्र धरतात, म्हणजे जूनचे मॅथ्सचे ७२० हातात राहिले, आता फक्त इंग्रजी वर काढायचं. माझे पहिल्यांदा इंग्रजीला ५८० होते, दुसऱ्यांदा ६६०. आता परीक्षा लॅपटॉपवर असते, जुने लांबलचक उतारे गेले, छोटा उतारा आणि त्याच्यावर एकच प्रश्न. इंग्रजीचे २७ प्रश्नांचे दोन भाग, प्रत्येकी ३२ मिनिटं, आणि पहिला भाग कसा गेला त्याच्यावर दुसरा सोपा येणार का अवघड ते ठरतं. सोपा आला की वरचे मार्क बंद. म्हणून पहिल्या भागात घाई करायची नाही, मी तिथंच घाण केली होती. ब्लूबुक म्हणजे सॅटवाल्यांच्याच अॅपवर पूर्ण टेस्ट फुकट आहेत, खान अकॅडमी फुकट आहे, क्लासला पैसे घालू नका. व्याकरणाचे प्रश्न सेमीवाल्यांना उलट सोपे जातात, नियम पाठ असतात आपले. मार खातो तो शब्दांच्या अर्थात आणि "लेखकाला काय म्हणायचंय" मधे.

आणि दुसरं म्हणजे डार्टमथनं सक्ती परत आणताना जे कारण दिलं ते वाचा. त्यांच्याच प्राध्यापकांनी अभ्यास केला तर असं निघालं की कमी पैशाच्या घरातल्या काही पोरांनी १४०० च्या आसपासचा स्कोअर लपवला आणि पाठवला असता तर त्यांचाच फायदा झाला असता. आकडा कुठल्या शाळेतनं आलाय ते धरून वाचतात. आता १२९० म्हणजे १४०० नव्हे, तिथं पाठवा असं मी म्हणत नाही, पण आपल्या स्टेट बोर्डाचे ७८ टक्के म्हणजे काय हे तिकडच्या बऱ्याच लोकांना कळत नाही, तिथं मॅथ्सचे ७२० बोलतात. १३५० झाले तर सगळीकडं एकच निर्णय नको, एकेका कॉलेजचं बघून ठरवा.

फक्त डिसेंबरच्या पुढं हे ओढू नका, फेब्रुवारीत बोर्ड आहे. माझ्या बारावीचं त्यात वाटोळं झालं होतं.

कराडचे_सर

ज्युनिअर कॉलेजला शिकवतो. सॅटवर सगळे बोलले, कागदांवर कुणी बोललं नाही. नववीपासूनचे निकाल लागतील, शाळेच्या सहीशिक्क्याचे, आत्ताच काढून ठेवा, नोव्हेंबरात क्लार्क सुट्टीवर असतो हा अनुभव आहे. टक्क्यांचं चारपैकी किती असं गणित स्वतः मांडू नका, जसे आहेत तसे टक्के द्या. शिक्षकांची शिफारसपत्रं लागतात, आणि मुलगी जर फक्त हजेरीपुरती कॉलेजला आणि दिवसभर क्लासला अशी असेल तर तिथं अडचण येते. माझ्याकडं दरवर्षी एक दोन विद्यार्थी येतात ज्यांचं तोंड मी प्रॅक्टिकललाच बघितलेलं असतं, त्यांच्याबद्दल मी काय लिहू? "हुशार व होतकरू" याच्या पुढं पेन जात नाही. तिला खरंच ओळखणारे शिक्षक शोधा, शेडची वही त्यांना दाखवू दे. समुपदेशकाचा भाग प्राचार्य भरू शकतात, पण ईमेल त्यांचा स्वतःचा पाहिजे. विद्यार्थीच सरांच्या नावानं ईमेल काढतात, तसलं करू नका.

आणि नाही जमलं तर? बंगळूरूला अझीम प्रेमजी विद्यापीठ आहे, त्यांची स्वतःची प्रवेश परीक्षा आणि मुलाखत असते, उत्पन्न बघून फी माफ करतात. इकॉनॉमिक्स आहे. तो अर्ज पण भरून ठेवा.

बेदाणेवाला_सांगली

सर, ताई, सातारकर, सगळ्यांचे आभार. पोरीनं ठरवलंय, ऑक्टोबरला परत सॅट. एच ६ बघून बावीस कॉलेजांची अकरा केली, त्यात बोडन ठेवलंय हट्टानं, राहू दे म्हटलं. बायोलॉजीच्या मॅडमना वही दाखवली तर त्यांनी घरी न्यायला मागून घेतली, त्यांच्या वडलांची पण बाग आहे.

एकच अडलंय. मदतीसाठी सीएसएस प्रोफाइल, म्हणजे घरच्या पैशाची माहिती द्यायचा फॉर्म, भरायला घेतलाय, त्यात शेडवर सोसायटीचं कर्ज आहे ते कुठं दाखवायचं? घराच्या कर्जात धरू का?

विश्रामबाग_आई

घराच्या कर्जात नको दादा! धंदा आणि शेतीचा भाग वेगळा आहे त्यात, काही कॉलेजं तर शेती-धंद्याचा जोडफॉर्म वेगळा मागतात. शेड, बाग आणि त्यावरचं कर्ज सगळं तिथं. आणि काळा पडलेल्या वर्षाच्या सौदापट्ट्या असतील तर फेकू नका, उत्पन्न का घसरलं ते विचारतात. आम्हाला विचारलं होतं.