फ्रान्समध्ये जाऊन जेवणाऱ्या बायकांचे लेख: आवडतात की कंटाळा आला?

संत्रीवाली

नागपुरात सध्या संत्र्यांचे ढीग लागलेत आणि मी गेले आठ दिवस एकच लेख परत परत वाचतेय, म्हणून हा धागा.

लेखिका एम. एफ. के. फिशर. १९२९ साली लग्न झाल्या झाल्या नवऱ्याबरोबर अमेरिकेतून फ्रान्सला गेली. नवरा दिजाँला विद्यापीठात शिकत होता, पुढे काही दिवस दोघं स्त्रासबूरला राहिले. तिथल्या हिवाळ्यावर तिचा दोन-तीन पानांचा लेख आहे. सकाळी खिडकीत बसून ती छोटी संत्री सोलते, शिरा काढते. आदल्या दिवशीचं वर्तमानपत्र रेडिएटरवर पसरते आणि त्यावर फोडी मांडते. वर्तमानपत्र कुठलं हेसुद्धा ठरलेलं, कारण त्याची शाई तापली तरी सुटत नाही. मग फोडींना विसरून जायचं. दुपारपर्यंत त्या टम्म फुगतात. खिडकी उघडायची, बाहेर साचलेल्या बर्फावर त्या ठेवायच्या, आणि गार झाल्या की एकेक तोंडात टाकायची. वरचं साल चिनी मातीच्या वाडग्यावरच्या झिलईइतकं पातळ. दाताखाली कुर्रकन फुटतं आणि आतून गार रस येतो. संपला लेख.

एवढ्यासाठी तीन पानं? हो, एवढ्यासाठीच. आमच्या आजीच्या घरी बायकांची पंगत शेवटची असायची, तळाचा भात आणि कडेची भाजी. आता पंगती गेल्या, पण सणाच्या दिवशी तव्यावरची पहिली पुरणपोळी माझ्या ताटात पडलेली मला तरी आठवत नाही. आणि इथे एक बाई भरदुपारी, एकटी, कुणाला वाढायचं नाही, कुणासाठी राखायचं नाही, नुसती खातेय. वर ते छापून आणतेय, तेही १९३७ साली! नावाच्या नुसत्या आद्याक्षरांमुळे तेव्हा बऱ्याच जणांना हा कुणी पुरुषच वाटला होता.

(करून पाहिलं. रेडिएटरच्या जागी रूम हीटर, बर्फाच्या जागी फ्रीज. आमच्या पेपरची शाई मात्र सुटली. दोन फोडींवर शेअर बाजार उमटला.)

तुम्हाला असले लेख आवडतात का? नसतील आवडत तर तेही लिहा, फक्त ‘वेळ आहे बुवा लोकांना’ एवढं नको.

तिरकस

वेळ आहे बुवा लोकांना.

राहवलं नाही. आता नीट लिहितो. एके काळी मीही या लेखांच्या नादी लागलो होतो, बायकोनं आणलेली आठ-दहा पुस्तकं वाचून काढली. सगळ्यांचा साचा एक. परदेशी बाई, मनात काहीतरी बिनसलेलं. पॅरिसला नाहीतर प्रोव्हाँसला एक जुनं घर, तिथला नळ गळतो. बाजारातला चीजवाला पहिल्या दिवशी नाक मुरडतो आणि आठव्या प्रकरणात हसतो. शेजारची म्हातारी गुपित सांगते. गुपित काय, तर लोणी जरा जास्त घाल. २००४ साली तर फ्रेंच बायका जाड होत नाहीत असं शीर्षकच घेऊन एक पुस्तक आलं आणि धो धो खपलं. ती बाई स्वतः फ्रेंच खरी, पण अमेरिकेत एका शँपेनच्या कंपनीची प्रमुख. शँपेन विकणाऱ्या बाईनं रोज थोडी शँपेन घेत जा म्हणावं, यात राहणीमानाचं तत्त्वज्ञान कुठून आलं?

तुमचा संत्र्यांचा लेखही वाचलाय. त्या खोलीत आणखी एक बाई आहे, तिला तुम्ही सोयीस्कर गाळलंत. खोली आवरणारी मोलकरीण. ती उशा झोडपतेय, आल्सेसच्या बोलीत काहीबाही सांगतेय, आणि आपली लेखिका फोडी सोलता सोलता नुसतं हूं हूं करतेय. फ्रान्सवरच्या या सगळ्या लेखनात कुणीतरी उशा झोडपत असतंच.

आणि ‘कुणासाठी राखायचं नाही’ म्हणालात ना? लेख पुन्हा उघडा. फोडींच्या मधे एखादी चिमुकली लपलेली फोड सापडली तर ती नवऱ्यासाठी ठेवायची, असं चक्क लिहिलंय. फ्रान्स असो की नागपूर, चांगलं ते नवऱ्याच्या ताटात.

संत्रीवाली

अरे देवा. बघून सांगते.

तुलूझकर

मी नऊ वर्षं तुलूझला आहे, विमानांच्या कारखान्यात नोकरी. शाकाहारी, त्यामुळे माझा मुद्दा दोघांपेक्षा निराळा.

या बायकांना कधीच एक प्रश्न पडत नाही: यात काय काय आहे? जे समोर येईल ते खायचं, हे त्यांचं पहिलं भांडवल, डॉलर त्यानंतर. फ्रेंच स्वयंपाकाची पुस्तकं लिहून गाजलेली अमेरिकन ज्युलिया चाइल्ड १९४८ च्या नोव्हेंबरात बोटीतून ल हाव्हरला उतरली आणि वाटेत रुआँला जेवायला थांबली. आधी ऑयस्टर, मग लोण्यात परतलेला सोल मासा. त्या जेवणानं आपलं आयुष्य बदललं, असं ती सांगते. माझं इथलं पहिलं जेवण म्हणजे एक सॅलड. मी मांस नको म्हणून सांगितलं होतं, तरी वर डुकराचे बारीक तुकडे भुरभुरलेले. परत पाठवलं तर तुकडे वेचून तीच ताटली परत आली. वाढणाऱ्या मुलीच्या मते ते मांस नव्हतंच, ती चव होती. कॉम्तेसारखं पारंपरिक चीज वासराच्या पोटातल्या रेनेटनं विरजतात, हे मला दोन वर्षांनी कळलं. तोवर किती खाल्लं ते आईला सांगितलेलं नाही.

मग या लेखांतलं खरं काय? जेवणाची वेळ खरी आहे. दुपारी दोननंतर छोट्या गावात कुणी तुम्हाला उभं करत नाही. आमच्या कँटीनमध्ये मजूर आणि मॅनेजर दोघांच्याही ट्रेमध्ये सुरुवातीचं काहीतरी, मुख्य पदार्थ, चीज आणि गोड असतं. मुलीच्या शाळेच्या दारावर आठवड्याचा मेन्यू लागतो आणि आया तो परीक्षेच्या निकालासारखा वाचतात. २०१९ पासून शाळेत आठवड्यातून एक जेवण बिनमांसाचं देणं कायद्यानं सक्तीचं झालं, तो आमच्या घरी सण.

आणि लेखांत कधीच न येणारं म्हणजे पिकार. गोठवलेल्या पदार्थांची दुकानं, गल्लोगल्ली. माझी शेजारीण पासष्ट वर्षांची अस्सल तुलूझची, तिच्या फ्रीजरमध्ये चिरलेला कांदासुद्धा पिकारचा. म्हातारीचं गुपित हवं होतं ना? हे घ्या.

खादाड

तुलूझकर, ‘ती चव होती’ यावर फुटलो.

फिशरबाईंवरून एक रडगाणं. दिजाँच्या छोट्या घरात ती फ्लॉवर करायची, तो उतारा वाचून मी नाशकात घाट घातला. फ्लॉवरचे तुरे दोन-चार मिनिटं उकळत्या पाण्यात, निथळून पसरट भांड्यात, वर घट्ट साय, त्यावर किसलेलं ग्रुयेर चीज, की भट्टीत. तिथे चीज गिऱ्हाइकासमोर किसून कागदावर ढगासारखा ढीग करून देतात म्हणे. मी अमूलची वडी किसली. वीस मिनिटांनी भांड्यात पाणीच पाणी, त्यात फ्लॉवर पोहतोय, वर पिवळं रबर.

तुलूझकर

@खादाड, उताऱ्याचा शेवट वाचला नाहीत. अमेरिकेत परतल्यावर तिचंही अस्संच झालं! तिथला फ्लॉवर पाणी सोडायचा, साय तशी मिळेना, चीज तसं मिळेना. तिच्या अडचणींची यादी फ्लॉवरपासून सुरू होते आणि ब्रेड, वाइन करत तेव्हाची आमची ती साधी भूक कुठे गेली, इथवर येते. तुमच्याकडे निदान भूक तरी होती. पुढच्या वेळी तुरे उकळल्यावर पंच्यावर तासभर सुकवा.

जुनी वाचक

@तिरकस, तुम्ही दहा वाईट पुस्तकं वाचलीत आणि अख्ख्या जातीला नाव ठेवताय. मी पुण्यात फ्रेंच शिकले आणि तीस वर्षं शिकवलं, त्यामुळे गळक्या नळांची पुस्तकं मलाही भेट येतात. ती मी पुढे भेट देते.

पण खाण्यावर लिहिणारी इंग्लंडची एलिझाबेथ डेव्हिड घ्या. तिचं पहिलं पुस्तक १९५० चं. तेव्हा इंग्लंडमध्ये रेशनिंग चालू होतं, मांसाचं तर १९५४ पर्यंत. ऑलिव्ह तेल मिळायचं ते औषधाच्या दुकानात, कानात घालायला. अशा देशात ही बाई लिंबं, लसूण आणि जर्दाळूंवर लिहीत होती. ते लाडिक लेखन नव्हतं, भुकेल्या माणसानं दात ओठ खाऊन लिहिलेलं होतं.

तुमच्या मोलकरणीबद्दल. डेव्हिड सोळा-सतरा वर्षांची असताना शिकायला पॅरिसला एका कुटुंबात राहिली. १९६० च्या तिच्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच ते घर येतं. घरची बाई आठवड्यातून दोनदा पहाटे ले आल्‌च्या घाऊक बाजारात जायची आणि दहाच्या सुमाराला दोन्ही हातांत फुगलेल्या काळ्या पिशव्या घेऊन, घामाघूम, आता हिला झटका येतो की काय अशा अवस्थेत परतायची. आणि स्वयंपाकीण? तिचं नाव लेओंतीन. सकाळपासून रात्रीपर्यंत तिला धारेवर धरलेलं असायचं, तरीही असं चविष्ट रांधायचं बळ तिच्यात कुठून उरायचं कोण जाणे, हे डेव्हिडनं स्पष्ट लिहून ठेवलंय. नाव दिलंय, छळही सांगितलाय. अजून काय हवं?

तिरकस

@जुनी वाचक, लेओंतीनचं नाव माहीत नव्हतं, मान्य. पण तिच्या वाट्याला दोन वाक्यं, आणि पुढचं अख्खं जाडजूड पुस्तक तिच्यासारख्यांनी केलेल्या पदार्थांचं. हवं हेच होतं की एकदा लेओंतीननं लिहावं.

मधल्या आळीतली

लिहिलंय की. लेओंतीननं नाही, पण तिच्या बाजूच्या एकीनं. आनी एर्नो, २०२२ चं नोबेल. नॉर्मंडीतल्या इव्हतो गावात आईवडिलांचं किराणा दुकान आणि त्यालाच लागून कॅफे. तिचं १९८१ चं एक पुस्तक लग्नानंतर गोठत गेलेल्या बाईबद्दल आहे. त्यातला एक प्रसंग माझ्या डोक्यातून जात नाही. नवरा-बायको दोघंही विद्यार्थी, एकाच टेबलावर पुस्तकं उघडून बसलेत. लग्नात आलेला प्रेशर कुकर गॅसवर. वेळ झाली. दोघांपैकी एक जण उठतो, गॅस बंद करतो, वाफ जायची वाट बघतो, झाकण काढतो, सूप गाळतो, आणि कुठवर वाचलं होतं ते शोधत परत पुस्तकाशी येतो. पुढचं वाक्य एका शब्दाचं: मी.

फ्रान्समध्ये १९६५ पर्यंत लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या संमतीशिवाय बँकेत खातं उघडता येत नव्हतं. चीजवाला आठव्या प्रकरणात हसला, पण त्याच्या बायकोचं खातं होतं का, हे या पाहुण्या बायकांनी विचारल्याचं मी तरी वाचलेलं नाही.

तिरकस

+१००. धागा इथेच बंद करायला हरकत नाही.

जुनी वाचक

हरकत आहे. एर्नो प्रवासवर्णन लिहीत नाही. पाहुण्यानं पाहुण्यासारखं लिहिलं म्हणून त्याला घरच्याच्या मापानं मोजायचं, मग आपल्याकडे युरोपवर लिहिलेलं निम्मं कपाट रद्दीत घालावं लागेल. डब्यातल्या चिवड्याच्या आठवणींसकट.

संत्रीवाली

लेख पुन्हा वाचला. दोनदा.

@तिरकस, फोडीचं तुमचं बरोबर आहे, ती तिनं नवऱ्यासाठीच ठेवलीय. मी सफाईनं विसरले होते. पण तुम्ही पुढचं गाळलंत. नवरा दुपारी घरी येतो, दोघांचं लांबलचक जेवण होतं, वर आलुबुखाराच्या ब्रँडीचा घोट होतो, आणि मग तो निघून जातो. ती म्हणते, वाईट वाटतंच, पण... आणि तिथे वाक्य तोडते. पुढे फक्त संत्री. ते तुटलेलं वाक्य तुम्ही तिरकस असून तुम्हाला दिसलं नाही?

@मधल्या आळीतली, कुकरचं वाचून पोटात कालवलं. आमच्याकडेही शिट्ट्या मीच मोजते. नवरा त्याच खोलीत असतो आणि त्याला त्या ऐकूच येत नाहीत, हे मी वीस वर्षं बघतेय. म्हणून तर बाई, संध्याकाळी कुकर उतरवल्यावर मला एर्नो वाचवत नाही. फिशर वाचवते. हा पळपुटेपणा असेल तर असू दे.

मोलकरणीला फोड दिली का, ते मात्र तीन पानांत कुठेच नाही. तिसऱ्यांदाही शोधलं.

तिरकस

शोधलंत हेच पुष्कळ. आमच्या हिलाही लेख दाखवला. ती म्हणते, हीटर माळ्यावर आहे, आधी तो काढून दे.