'लक्ष देत नाही' की 'लक्ष लागत नाही'? : एडीएचडी आणि व्यसनाची मराठी

विचारणा

एडीएचडी आणि व्यसन यांच्या संबंधावर पालकांसाठी चार पानी माहितीपत्रक मराठीत करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. मूळ मसुद्यात 'अवधान-न्यूनता व अतिक्रियाशीलता विकार' असा प्रतिशब्द आहे. पालक मात्र सरळ 'एडीएचडी' म्हणतात, म्हणून मीही तेच ठेवणार आहे. माझी खरी अडचण पुढच्या वाक्यात आहे. 'ज्या मुलांचे लक्ष लागत नाही, त्यांना पुढे व्यसन लागण्याचा संभव अधिक असतो' असे मी लिहिले होते. तपासणाऱ्यांनी ते 'जी मुले लक्ष देत नाहीत, ती पुढे व्यसने करण्याचा संभव अधिक असतो' असे बदलले. व्याकरणाने दोन्ही वाक्ये चालतील, पण त्यांचा अर्थ एकच आहे का?

पहिला प्रतिसाद

अर्थ एक नाही, आणि आपल्या विषयाचा निम्मा भाग या दोन क्रियापदांच्या मधल्या फटीतच आहे. मराठीत भूक लागते, ठेच लागते, उचकी लागते. 'लागणे' हे माणसाला विचारून होत नाही, म्हणून तो माणूस वाक्यात कर्ता न राहता 'त्याला' होतो. व्यसनही 'त्याला' लागते, जडते. लक्षाचेही तसेच आहे. 'त्याचे लक्ष लागत नाही' या वाक्यात कर्तेपण लक्षाकडे आहे, मुलाकडे नाही. उलट 'देणे' आणि 'करणे' ही क्रियापदे हेतू गृहीत धरतात. देता येत असूनही जो देत नाही, तो दोषी ठरतो.

माझ्या प्रगतिपुस्तकात पाचवी ते आठवी अशी चार वर्षे लाल शाईत एकच शेरा आहे : 'हुशार आहे, परंतु लक्ष देत नाही.' वर्गशिक्षक तीनदा बदलले, शेरा बदलला नाही. मी घरी 'लागतच नाही' म्हणत असे आणि ते सर्वांना बहाण्यासारखे वाटे. निदान झाले तेव्हा मी एकोणचाळीस वर्षांचा होतो, आणि सिगारेट सोडण्याचा माझा चौथा प्रयत्न तेव्हा फसलेला होता.

अशा मुलासाठी मराठीने शब्दांची कमतरता ठेवलेली नाही : वांड, द्वाड, व्रात्य, उनाड, उंडगा. यांतल्या 'व्रात्य'कडे थोडे थांबून पाहावे. ज्याचे उपनयन वेळेत झाले नाही, जो संस्कारांच्या चौकटीबाहेर राहिला, त्याला संस्कृतात व्रात्य म्हणत. मराठीत हाच शब्द खोड्या करणाऱ्या पोराला लागला. म्हणजे वर्गात जागेवर बसू न शकणारे मूल आपण बोलता बोलता समाजाबाहेर काढून ठेवतो. हा दोष एकट्या मराठीचा नव्हे. जॉर्ज स्टिल या इंग्रज बालरोगतज्ज्ञाने 1902 साली लंडनमधील व्याख्यानांत अशा मुलांचे वर्णन केले, तेव्हा त्यानेही 'नैतिक नियंत्रणातील दोष' अशाच अर्थाची शब्दयोजना केली होती.

शेऱ्याचा व्यसनाशी संबंध कसा येतो, हे माहितीपत्रकात अवश्य यावे. उतावळेपणा आणि ताबडतोब मोबदला हवासा वाटणे हे मेंदूच्या घडणीतून येते, हे खरेच. परंतु वर्गाबाहेर उभा केलेला मुलगा दिवसभर भिंतीकडे पाहत उभा राहत नाही, तो शाळेमागच्या टपरीवर जातो, आणि तिथे त्याला 'लक्ष दे' असे कोणी म्हणत नाही. मुलींचा मार्ग निराळा आहे. त्या 'धांदरट', 'वेंधळ्या' ठरतात. त्यांच्यामुळे कोणाला त्रास होत नाही, म्हणून त्यांना डॉक्टरकडेही कोणी नेत नाही.

दुसरा प्रतिसाद

वरील विवेचन मला मान्य आहे, मात्र 'व्यसन' या शब्दाकडे आपण पाहिलेच नाही. वि + अस्, म्हणजे दूर फेकणे, अशी त्याची व्युत्पत्ती देतात; संस्कृतात त्याचा अर्थ संकट असाही होतो आणि दुर्गुण असाही. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात कामातून उपजणारी दहा आणि क्रोधातून उपजणारी आठ व्यसने मोजली आहेत. पहिल्या दहांत मद्य आणि द्यूत यांच्याच पंक्तीला दिवसा झोपणे आणि 'वृथाट्या', म्हणजे उगाच भटकणे, यांना बसवले आहे. आजच्या भाषेत अस्वस्थ म्हणावे असा माणूस आणि मद्यपी हे दोघे तिथे एकाच यादीत सापडतात. गंमत अशी, की तो अध्याय राजधर्माचा आहे, त्यामुळे ती यादी राजासाठी आहे. आज आपण 'व्यसनी' म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर राजा येत नाही, नाक्यावरचा मजूर येतो.

कशाला व्यसन म्हणायचे, हे समाजच ठरवतो. दारू पिणाऱ्याला आपल्याकडे दारुडा, बेवडा, तळीराम अशी नावे आहेत, आणि 'गर्द' पिणाऱ्यासाठी 'गर्दुल्ला' हा शब्द आला. तंबाखू खाणाऱ्याला मात्र असे एकही रुळलेले नाव नाही. मिश्री लावणारी बाई तर, तिच्या आणि घरच्यांच्याही मते, फक्त दात घासत असते. 2016-17च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात महाराष्ट्रातील 26.6 टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करणारे आढळले, आणि त्यांतील बहुसंख्य धूरविरहित तंबाखू वापरणारे होते. ज्या सेवनाला नावच नाही, ते एडीएचडीशी कोण जोडून पाहणार?

आकडे देताना सावध राहावे, ही विनंती. व्यसनावर उपचार घेणाऱ्यांपैकी सुमारे 23 टक्क्यांना एडीएचडी असतो, असा एकत्रित अंदाज 2012 साली प्रसिद्ध झाला. सर्वसाधारण प्रौढांत हे प्रमाण अडीच टक्क्यांच्या आसपास धरतात. परंतु 2014 साली दहा देशांतील उपचार घेणाऱ्यांची तुलना प्रसिद्ध झाली, तीत निदानाच्या जुन्या निकषांनुसार हंगेरीत हे प्रमाण 5.4 टक्के आणि नॉर्वेत 31.3 टक्के निघाले. मेंदू देशागणिक इतके बदलत नाहीत. कोणता पदार्थ घेतला जातो आणि उपचाराच्या दारापर्यंत कोण पोहोचतो, हे बदलते.

एका बाबतीत मात्र माझा मतभेद आहे. सगळीकडे 'लागणे' लिहिले, तर रुग्णाच्या हातात काहीच उरणार नाही. दारू 'सुटली' आणि दारू 'सोडली' यांतला फरक ज्याने ती सोडली आहे त्याला विचारावा.

पहिल्या प्रतिसादकाचे उत्तर

मतभेद रास्त आहे. लागते, आणि मग सोडावी लागते, असा तो क्रम आहे. पाहा, दुसऱ्या वाक्यातही 'लागते' आलेच. ही दोन क्रियापदे दोन वेगवेगळ्या प्रसंगांची आहेत. कारण सांगताना 'लागणे' लिहावे, उपचार सांगताना 'सोडणे' लिहावे. आपण नेमके उलटे करतो : कारणापाशी 'स्वतःच करतो' म्हणतो आणि उपचारापाशी 'याची कधी सुटायची नाही' म्हणतो.

'नाद' हा शब्दही विसरू नये. एडीएचडी असलेल्या मुलाचे लक्ष कुठेच लागत नाही, हा समज चुकीचा आहे. एखाद्या गोष्टीचा नाद लागला, की त्याला जेवणाची शुद्ध राहत नाही. तोच मुलगा तबल्याच्या नादी लागला तर कौतुकाचा होतो, पत्त्यांच्या नादी लागला तर वाया गेलेला ठरतो. वाचनाचे तर 'व्यसन' असल्याचे आपण अभिमानाने सांगतो. माहितीपत्रकात 'लक्षाचा अभाव' असे न लिहिता 'लक्ष हवे तिथे वळवता न येणे' असे लिहावे, हे बरे.

विचारणा करणाऱ्याचे उत्तर

दोघांचाही आभारी आहे. पालक सर्वांत जास्त विचारतात तो प्रश्न असा : 'गोळ्यांचीच सवय लागली तर?' इथेही 'लागणे' आहे, आणि ही भीती निराधार म्हणता येत नाही, कारण एडीएचडीवर दिले जाणारे मेथिलफेनिडेट हे औषध भारतात 1985च्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या सूचीत येते. तथापि, लहानपणी डॉक्टरांच्या देखरेखीखाली हे औषध घेतलेल्या मुलांत पुढे व्यसनाचे प्रमाण वाढल्याचे दीर्घकालीन अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणांत दिसलेले नाही, हे मी त्या भीतीच्या शेजारीच लिहीन.

मूळ वाक्य आता असे केले आहे : 'ज्या मुलांना लक्ष हवे तिथे वळवता येत नाही, आणि त्याबद्दल ज्यांना सतत बोलणी खावी लागतात, त्यांना पुढे व्यसन लागण्याचा संभव अधिक असतो.' तपासणाऱ्यांनी 'बोलणी खावी लागतात' याखाली लाल रेघ मारून 'आवश्यक आहे का?' असे विचारले आहे. आवश्यक आहे, असे कळवून मसुदा परत पाठवला.