फौजा परत नेल्या की पैसा वाचतो?
आबा, 'अमेरिकेने दक्षिण कोरियातली फौज घरी न्यावी, खर्च वाचेल' हे तुमचं म्हणणं पटत नाही. आपल्या चाळीसगाव-पाचोऱ्याकडच्या फौजी घरांना विचारा, पलटण सीमेवरून माघारी आली म्हणून पगार-राशन थांबतं का? पलटणच मोडली तरच बचत. शिवाय सुमारे 28,500 सैनिकांपैकी बरेचसे जिथे राहतात, त्या कॅम्प हम्फ्रीज या तिथल्या अमेरिकी तळाच्या विस्ताराचा बहुतांश खर्च कोरियानेच केला.

आणि 1949 विसरू नका. जूनअखेर अमेरिकेची लढाऊ फौज निघाली, 25 जून 1950 ला उत्तर कोरियाने हल्ला केला. एकमेव कारण ते नव्हतं, पण सोलच्या लोकांनी किंमत मोजलीच.

जर्मनीतल्या अमेरिकी फौजेत थोडी कपात चालेल. लांडश्टूलचं लष्करी रुग्णालय मात्र ठेवाच. इराकमधले जखमी आधी तिथेच नेत.